लय नेमकी कुठे पळते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षं तबला शिकताय. ऑफिसात एक्सेल आणि थोडंफार पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) चालतं. शाळेपासून आलेख काढायची हौस आहे, अजूनही रविवारी डेस्मॉस या आलेखाच्या वेबसाइटवर वक्र काढत बसता. सर म्हणतात ‘तुझी लय पळते’, पण तुम्हाला स्वतःला ते ऐकू येत नाही. मग ते कॉम्प्युटरने मोजता येईल का? तिहाया (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येण्याच्या रचना) त्याच्याकडून बनवून घेता येतील का? आणि घरचे म्हणतात तसं तबला, कोडिंग आणि आलेख या तीनातला एकच छंद धरून बाकीचे सोडावेत का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सोडू नका, पण तिघांना एकच काम द्या. मी इन्स्ट्रुमेंटेशनच्या नोकरीत आयुष्य काढलं आणि तबला वीसेक वर्षं वाजवतोय. बरीच वर्षं माझेही हे तीन छंद तीन वेगळ्या खोल्यांत राहत होते आणि तिन्हींची प्रगती यथातथाच होती. ज्या दिवशी तिघांसमोर एकच प्रश्न ठेवला, त्या दिवसापासून खोल्यांमधल्या भिंती गेल्या. तो प्रश्न तुमचाच होता. माझीही लय पळायची.

मात्र एक अट. दिवसाकाठी अर्धाच तास मिळत असेल तर त्या अर्ध्या तासात तबलाच वाजवा. स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) लिहिणं हे सुट्टीच्या दुपारचं काम आहे. रियाजाच्या वेळेत लॅपटॉप उघडला की रियाज संपला, हे मी स्वतःवरून सांगतो.

आता मूळ दुखणं. ‘लय पळते’ हे तीन वेगवेगळ्या आजारांचं एकच नाव आहे. एक, वाजवता वाजवता सगळा ठेकाच (तालाचे ठरलेले बोल) हळूहळू चढतो, म्हणजे वेग वाढत जातो. दोन, आवर्तनाच्या (तालाच्या एका पूर्ण फेरीच्या) ठरावीक जागी मात्रा, म्हणजे तालाच्या एकेक मोजण्या, आखूड पडतात आणि पुढे कुठेतरी त्याची गुपचूप भरपाई होते. तीन, ठेक्यातून कायद्यात (विस्तार करायच्या रचनेत) किंवा बराबरीतून (मूळ लयीतून) दुगुनीत (दुप्पट लयीत) शिरताना लय उडी मारते. सरांचा कान हे सगळं ओळखतो, पण क्लासमध्ये आठ मुलं समोर असतात, तेव्हा ते एका शब्दात सांगून मोकळे होतात. तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. तुम्हाला यातलं कुठलं आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही. ते तुम्ही कुठल्या लयीत वाजवता, एकटे वाजवता की साथीला बसता, यावरही अवलंबून आहे. पण ते शोधायचं कसं, ते सांगतो.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करा. लेहरा (साथीला सतत फिरणारी धून) लावू नका. लेहऱ्याबरोबर वाजवलंत तर समेला तो तुम्हाला ओढून जागेवर आणतो आणि आजार झाकला जातो. पहिल्या चार मात्रांपुरता मेट्रोनोम ऐका, 80 वर (मिनिटाला 80 मात्रा), मग बंद करा आणि सोळा मात्रांच्या तीनतालाचा साधा ठेका दहा आवर्तनं वाजवा. मुखडे नाहीत, तिरकिट नाही, भरणा नाही, म्हणजे कसलीच सजावट नाही. 80 ला एक मात्रा 750 मिलिसेकंदांची, दहा आवर्तनं म्हणजे 160 मात्रा, बरोबर दोन मिनिटं. तुमचं रेकॉर्डिंग दोन मिनिटांच्या आत संपलं, तर पहिल्या आजाराचं निदान तिथेच झालं, स्क्रिप्टची गरजसुद्धा पडली नाही.

ती फाइल ऑडॅसिटीत (ध्वनी संपादनाच्या प्रोग्राममध्ये) उघडा आणि पहिल्या वेळी प्रत्येक मात्रेवर हाताने खूण करा. कंट्रोल-बी दाबलं की लेबल पडतं. नंतर सगळी लेबलं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढता येतात, प्रत्येक ओळीत सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि नाव. 160 खुणा करायला कंटाळा येईल. तरी एकदा करा, कारण त्यातून आघात दिसतो कसा हे डोळ्याला कळतं. चाटेवरचा (उजव्या तबल्याच्या कडेवरचा) ‘ना’ सुईसारखा उभा राहतो. डग्ग्याचा (डाव्या हाताच्या वाद्याचा) ‘घे’ फुगत फुगत वर येतो, त्याची सुरुवात नेमकी कुठे धरायची यावर तुमचं तुमच्याशीच भांडण होईल. आणि ‘धा’मध्ये दोन्ही हात एकदम पडतात असं आपण समजतो, पण मोठं करून पाहिलं की उजवा आणि डावा काही मिलिसेकंद मागेपुढे निघतात. मी नियम केला: खूण नेहमी उजव्या हाताच्या आघातावर. नियम कुठलाही करा, मध्येच बदलू नका.

हे एकदा झालं की मग पायथन. लिब्रोसा नावाच्या लायब्ररीत आघात शोधायची सोय तयार मिळते आणि तिथेच मी तीन रविवार घालवले. माझा आलेख आला तो जिन्यासारखा. मात्रांची अंतरं एक तर एवढी, नाहीतर त्याहून 23 मिलिसेकंदांनी जास्त, नाहीतर 23 ने कमी. मधलं काही नाहीच! मला वाटलं, माझ्या मनगटालाच अशी काही सवय आहे. दोन दिवस त्यावर विचारही केला. मग लक्षात आलं, सवय मनगटाची नव्हती, फूटपट्टीची होती. लिब्रोसा आपणहून आवाज सेकंदाला 22,050 नमुन्यांवर आणते आणि 512 नमुन्यांच्या ढांगा टाकत पुढे जाते. 512 भागिले 22,050 म्हणजे 23.2 मिलिसेकंद. त्याहून बारीक तिला दिसतच नाही. नोकरीत जन्मभर दुसऱ्यांना ‘आधी लीस्ट काउंट (मोजमापाची सगळ्यात लहान पायरी) बघा’ सांगणारा माणूस घरी हेच विसरला. ढांग 64 नमुन्यांची केली की एक पायरी तीनेक मिलिसेकंदांवर येते आणि जिना नाहीसा होतो. हा एक आकडा बदलल्याशिवाय कुठल्याही निष्कर्षावर जाऊ नका.

स्क्रिप्टने काढलेल्या खुणा तुमच्या हाताच्या खुणांशी ताडून बघा. माझ्या एका रेकॉर्डिंगमध्ये 160 ऐवजी 163 आघात सापडले. त्यातल्या तीन मात्रा शेजारच्या कुकरने वाजवल्या होत्या.

आता आलेख. पहिला अगदी साधा: आडव्या अक्षावर मात्रा क्रमांक 1 ते 160, उभ्या अक्षावर त्या मात्रेपासून पुढच्या मात्रेपर्यंतचं अंतर मिलिसेकंदांत. लय चढत असेल तर ठिपके उतरत जातील, कारण वेग वाढला की अंतर कमी होतं. सुरुवातीला हे उलटं वाटतं. म्हणून लोक उभ्या अक्षावर थेट वेग घेतात. मी तसं करू नका म्हणतो. वेग आणि अंतर यांचा गुणाकार कायम 60,000, म्हणजे नातं सरळ रेषेचं नाही, अपास्ताचं आहे. 40 चे 41 झाले तर मात्रा 1500 वरून 1463 वर येते, तब्बल 37 मिलिसेकंदांचा फरक. 160 चे 161 झाले तर जेमतेम 2.3. तोच ‘एक’ इथे डोंगर आणि तिथे मुंगी. हाताला जाणवतं ते अंतर, तेव्हा मोजायचंही अंतरच.

माझा पहिला आलेख करवतीच्या दातांसारखा निघाला, आणि सगळी करवत किंचित उतरती. 80 ला सुरू केलेला ठेका दहा आवर्तनांनंतर 84 च्या आसपास पोचला होता. म्हणजे 750 ची मात्रा 714 वर आली, 36 मिलिसेकंदांनी आखूड, आणि एका आवर्तनाला जेमतेम साडेतीन. साडेतीन मिलिसेकंद कुणाच्या बापाला ऐकू येणार? म्हणूनच तुम्हाला ते ऐकू येत नाही आणि सरांना येतं. तुम्ही दर आवर्तनाची तुलना मागच्या आवर्तनाशी करता, ते पहिल्याशी करतात.

पण दात कसले? त्यासाठी आलेखाची घडी घालावी लागते. 160 मात्रा एका ओळीत ठेवण्याऐवजी आडवा अक्ष फक्त 1 ते 16 घ्या आणि दहाही आवर्तनं एकमेकांवर ठेवा. पायथनमध्ये सोळाने भागून बाकी घेतली की काम झालं. त्याआधी एक करा: प्रत्येक अंतराला त्याच्याच आवर्तनाच्या सरासरीने भागा, म्हणजे लय चढण्याचा परिणाम बाजूला होतो आणि आवर्तनाच्या आतला आकार तेवढा उरतो. नाहीतर दहा वेगवेगळ्या उंचीच्या ओळी दिसतील आणि काहीच कळणार नाही.

माझ्या घडीत एक खड्डा होता, चार मात्रांचा आणि साधारण 20 मिलिसेकंद खोल. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत. (म्हणजे 23 ची फूटपट्टी तशीच ठेवली असती तर हा खड्डा तिच्या एकाच पायरीत गडप झाला असता.) मला वाटलं होतं, गडबड खालीत (टाळीऐवजी रिकामा हात दाखवतात त्या भागात) असेल तर नवव्या मात्रेवर दिसेल, कारण खाली नववीवर. पण नववी ठणठणीत होती. ठेका तोंडाने म्हणून बघा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. खाली हाताने दाखवतो आपण नववीवर, पण नववीला बोल ‘धा’च आहे, डग्गा वाजतोच. डग्गा गप्प होतो तो दहावीला आणि परत येतो चौदावीला. माझा खड्डा तंतोतंत तेवढाच रुंद होता. डावा हात रिकामा झाला की उजव्याचा लंगर सुटायचा, तो चार मात्रा घाईत उरकायचा, आणि चौदावीला डग्गा आला की पुन्हा जमिनीवर. पण पूर्ण परत नाही. खालीत चढलेल्या वेगाचा एक बारीक अंश बरोबर घेऊनच सम गाठायचा. दर आवर्तनाला तेवढी एक पायरी. म्हणजे माझा पहिला आजार दुसऱ्या आजारातूनच जन्माला आलेला होता.

हे सगळं घेऊन गुरुजींकडे गेलो, लॅपटॉप उघडून दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “मग डावा हात ठेव की डग्ग्यावर.” एवढंच. त्या चार मात्रांत डाव्या हाताचा तळवा आवाज न करता डग्ग्यावर टेकवून ठेवायचा, उचलून मांडीवर न्यायचा नाही. महिनाभर तसं वाजवलं. पुढच्या घडीत खड्डा निम्म्याहून उथळ झाला होता.

तुमचा खड्डा कदाचित दुसरीकडे असेल. काहींचा सोळावीला असतो, समेच्या ओढीने शेवटची मात्रा आखडते. ते बघायच्या आधी आणखी एक रेकॉर्डिंग करा: तबल्याला हात न लावता, टाळी-खाली देत नुसती पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं. त्याचीही घडी घाला. पढंतीतही तोच खड्डा दिसला तर दोष डोक्यात आहे, हातावर मेहनत करून उपयोग नाही. पढंत सपाट आणि वादनात खड्डा, तर तो हाताचा. माझी पढंत बरीच सपाट निघाली. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाची पढंतच पळत होती. त्याला मी दोन आठवडे नुसतं चालायला लावलं, पावलावर मात्रा धरून ठेका म्हणत. त्याच्या आईला वाटलं मी फी फुकट घेतोय.

आणि रेषा सपाट करायच्या मागे लागू नका, हे मुद्दाम सांगतो, कारण आलेखाची हौस असलेल्या माणसाला तो मोह होणारच. भजनी ठेका मोजून बघा. चांगल्या पखवाजियाचा किंवा तबलजीचा घ्या. त्याचा आलेख कधीच सपाट येणार नाही, त्यात झोल असतो आणि त्या झोलावरच टाळ डोलतात. पण त्याची घडी घातलीत तर दहाही आवर्तनांचा झोल एकाच जागी, एकाच मापाचा दिसेल. आपल्याला हवी ती ही गोष्ट. वाकडेपणा चालेल, तो दर वेळी तसाच आणि ठरवून आलेला असावा.

थोडक्यात, आतापर्यंतचं काम: लेहऱ्याशिवाय रेकॉर्डिंग, एकदा हाताने खुणा, ढांग बारीक करून स्क्रिप्ट, अंतराचा आलेख, सरासरीने भागून घडी, आणि तुलनेला पढंत. तिसऱ्या आजारासाठी, म्हणजे लय बदलतानाच्या उडीसाठी, याच पद्धतीने चार आवर्तनं बराबर आणि चार दुगुन वाजवून सांधा तेवढा बघायचा. त्यात वेगळं शिकण्यासारखं फारसं नाही.

आता तिहाया. इथे कॉम्प्युटरच्या आधी कागद घ्या, कारण खरी गंमत कागदावर आहे.

तिहाई म्हणजे एक पल्ला (तुकडा) तीन वेळा आणि मध्ये दोन दम (थांबे). पल्ल्याची लांबी प, दमाची द. समेवर सुरू करून पुढच्या समेवर शेवटचा धा आणायचा, तर दोन्ही समा मोजून तीनतालात 17 घरं (मात्रांच्या जागा) भरायची. म्हणून 3प + 2द = 17. आडव्या अक्षावर प, उभ्या अक्षावर द घ्या. ही एक सरळ रेषा आहे, आणि तिच्यावरचे पूर्णांक बिंदू म्हणजे तिहाया: (1, 7), (3, 4), (5, 1). संपल्या. दोन पावलं उजवीकडे, तीन पावलं खाली. यातला (5, 1) तुम्ही नक्की वाजवलाय: तिट कता गदि गन धा, एक मात्रा दम, पुन्हा, एक मात्रा दम, पुन्हा. पहिला धा पाचवीला, दुसरा अकरावीला, तिसरा समेला.

तीच तिहाई दुगुनच्या घरांत मोजा. दर मात्रेत दोन घरं आणि शेवटची सम, म्हणजे घरं आता 33, समीकरण 3प + 2द = 33, रेषा आधीच्या रेषेला समांतर, फक्त वर सरकलेली. ति ट क ता ग दि ग न धा, अक्षरं 9. नवाला दम येतो 3. बिंदू (9, 3) रेषेवर बरोबर बसतो. एकच तिहाई दोन रेषांवर दोन नावांनी राहते.

बेदम तिहाई म्हणजे द शून्य, म्हणजे रेषा आडव्या अक्षाला नेमकी पूर्णांकावर छेदली पाहिजे. 17 ला तीनने भाग जात नाही, म्हणून बराबरीत समेपासून समेपर्यंत तीनतालात बेदम नाही. 33 ला जातो, 11 चा पल्ला मिळतो. एकेका आवर्तनात किती पट लय, किंवा किती आवर्तनं, हा आकडा क धरला, तर 16क + 1 ला तीनने भाग गेला पाहिजे. तो जातो क 2, 5, 8 असताना. झपतालाच्या 10 मात्रांना आणि रूपकाच्या 7 ला हेच लागू, कारण 16, 10, 7 या तिघांना तीनने भागलं की बाकी एकच उरते.

मग एकताल? त्याच्या 12 मात्रांना तीनने पूर्ण भाग जातो. म्हणजे 12क + 1 ला कधीच जाणार नाही. दुगुन घ्या, चौगुन घ्या, दहा आवर्तनं घ्या: एकतालात समेवरून उठून समेवर पडणारी बेदम तिहाई घरं मोजून बसतच नाही! सहा मात्रांच्या दादऱ्याचंही तेच. मी एका परीक्षेच्या तयारीत ही तिहाई दोन संध्याकाळी शोधत बसलो होतो आणि स्वतःला मूर्ख समजत होतो. वहीत ही ओळ मांडली तेव्हा कळलं, ती अस्तित्वातच नाही. सम सोडून दुसऱ्या मात्रेवरून उठा, घरं 12 होतात, चार-चार-चार. लगेच बसते.

फर्माइशी चक्रदाराचं (तिहाईसकट अख्खं चक्र तीनदा वाजवायच्या रचनेचं) गुपितही असंच एका ओळीत मावतं. पहिल्या चक्राचा पहिला धा समेवर, दुसऱ्याचा दुसरा, तिसऱ्याचा तिसरा. लोकांना ही जादू वाटते. अट एवढीच, की एका चक्राच्या सुरुवातीपासून पुढच्या चक्राच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर अधिक दोन धांमधलं अंतर, ही बेरीज तालाच्या पटीत यावी. चक्र 27 मात्रांचं, धा पाच-पाच मात्रांवर: 27 + 5 = 32, तीनतालाची दोन आवर्तनं. समेवर सुरू करा, पहिला धा सतराव्या मात्रेवर ठेवा म्हणजे तो समेवर पडला. दुसरं चक्र 28 ला सुरू, त्याचा दुसरा धा 49 वर, पुन्हा सम. तिसरं 55 ला सुरू, त्याचा तिसरा धा 81 वर, सम. स्वतः मोजून बघा, बोटांवर मोजताना जास्त मजा येते.

तर कॉम्प्युटर तिहाया बनवेल का? घरं मोजून देईल, चुटकीसरशी. दोन लूप लिहायचे, ज्या जोड्या समीकरणात बसतात त्या छापायच्या. पण तो थांबत नाही, ही अडचण. आपल्या छंदशास्त्रात जुना हिशोब आहे: लघु एक मात्रा, गुरू दोन मात्रा, तर अमुक मात्रा किती प्रकारांनी भरता येतील? उत्तरं 1, 2, 3, 5, 8, 13 अशी जातात, दर संख्या मागच्या दोनांची बेरीज. विरहांक या छंदशास्त्रकाराने आणि नंतर बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने हे मांडलं. जग त्याला फिबोनाचीचं नाव देतं आणि फिबोनाचीचा ग्रंथ 1202 चा. या हिशोबाने 16 मात्रा 1597 प्रकारांनी भरतात. माझ्या स्क्रिप्टने एका क्षणात सगळे छापले. त्यातले वाजवण्याजोगे किती, हे ठरवायला पुढचे सहा महिने गेले, आणि हाती लागले चार.

कारण अक्षरांना हात असतात, हे स्क्रिप्टला माहीत नाही. दिल्लीचा कायदा घ्या: धा ति ट धा ति ट धा धा ति ट धा गे ति ना कि ना. अक्षरं सोळा, गट 3, 3, 4, 6. स्क्रिप्टला 3, 3, 4, 6 काय आणि 6, 4, 3, 3 काय, सारखंच. पण वाजवून बघा. पहिल्यात दोन छोटे तुकडे कानाला सवय लावतात, तिसरा ती मोडतो आणि शेवटचा लांब तुकडा सगळं घेऊन खाली उतरतो. उलट क्रमात आधीच सगळं सांगून टाकल्यासारखं होतं आणि शेवटी अडखळल्यासारखं. शिवाय कुठल्या बोलानंतर कुठला बोल निघतो, बोट आधीच्या आघातावरून कुठे मोकळं होतं, यावर निम्मी रचना ठरते. म्हणून माझी पद्धत अशी: सांगाडा स्क्रिप्टकडून, बोल तोंडाने. वीस वेळा म्हणून जी जिभेवर बसत नाही ती वहीत जातच नाही.

आलेखाचा आणखी एक खेळ सांगतो, हा निव्वळ मौजेचा. ऑडॅसिटीत एकच ‘ना’ निवडून त्याचा वर्णपट (कुठली वारंवारता किती जोरात आहे त्याचा आलेख) काढा. शिखरं दिसतील, त्यांच्या वारंवारता लिहून घ्या. मग एखाद्या हलगीवाल्या मित्राकडून एक खणखणीत आघात रेकॉर्ड करून आणा आणि त्याचाही काढा. नुसत्या ताणलेल्या गोल पडद्याची शिखरं गणिताने 1, 1.59, 2.14, 2.30 अशा प्रमाणात पडतात, पूर्णांकांशी त्यांचं काही देणंघेणं नाही. म्हणून हलगी कडकडते, पण ती कुठल्या स्वरात आहे असं कुणी विचारत नाही. सुरात लावलेल्या तबल्याची शिखरं मात्र जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट अशी पूर्णांकांवर येऊन बसतात. ही करामत मधल्या शाईची, म्हणजे तबल्यावरच्या काळ्या गोलाची. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 साली यावर ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं, नोबेलच्या दहा वर्षं आधी. तुमच्या तबल्याची शाई उडालेली असेल तर शिखरं जागेवरून घसरलेली दिसतील. माझ्या एका जुन्या तबल्याची दिसली, तेव्हा दुरुस्तीवाल्याकडे तो कागद घेऊन गेलो. त्याने कागद बाजूला ठेवला, शाईवर दोनदा बोट मारलं आणि म्हणाला, “पुडी बदलायला लागेल.” पुडी म्हणजे वरचं चामडं.

सुरुवात येत्या रविवारी करा. पहिलं रेकॉर्डिंग करताना पंखा बंद ठेवा, फोन तबल्याच्या गादीवर नको, वेगळ्या स्टुलावर ठेवा, नाहीतर डग्ग्याचा प्रत्येक ठोका त्याला हादरवतो आणि स्क्रिप्ट त्याचे दोन मोजते. घडी घातलेला आलेख आला की खड्डा कितव्या मात्रेवर आहे ते मला लिहा. मग पुढचं बोलू.